लिपी कोणी ठरवायची? सहा ठिपक्यांच्या लुई ब्रेल यांची गोष्ट

२००९ साली भारत सरकारने २ रुपयांचं एक नाणं काढलं होतं. बाजारात, बसमध्ये, देवळाच्या दानपेटीत ते बरंच फिरलं. त्यावरचा चेहरा कुणा देशी पुढाऱ्याचा नव्हता, तर फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मलेल्या शिक्षकाचा होता. त्या वर्षी त्याच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण झाली होती. नाव लुई ब्रेल. त्याचा जन्मदिवस ४ जानेवारी हा २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

ब्रेल हे नाव ऐकलं नाही असा माणूस विरळा. लिफ्टच्या बटणांजवळ, रेल्वेच्या डब्यात, औषधांच्या काही खोक्यांवर ते ठिपके दिसतात. पण त्या नावामागच्या माणसाची माहिती फारशी कुणाला नसते. त्याहून मोठी अडचण म्हणजे आपल्या मनात बसलेलं एक चित्र. अंध माणूस म्हणजे डोळ्यांपुढे मिट्ट काळोख, हातात पांढरी काठी, बोटाखाली ब्रेलचं पुस्तक. एकाला पाहिलं की सगळे कळले. प्रत्यक्षात जन्मापासून न दिसणारा, लहानपणी दृष्टी गेलेला, चाळिशीत हळूहळू दिसेनासं झालेला आणि नुसता अंधुक उजेड कळणारा, या चौघांचं जगणं चार तऱ्हांचं असतं. हे न ओळखता केलेली मदत किती चुकते आणि ओळखून केलेलं काम किती टिकतं, हे ब्रेल यांच्या ४३ वर्षांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

चामड्याच्या कारखान्यातला अपघात

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर कुव्रे नावाचं गाव आहे. तिथे सिमों-रने ब्रेल हे घोड्यांची खोगिरं, लगाम आणि चामड्याचा इतर साज बनवायचे. थोडी शेती होती, द्राक्षमळा होता. घर खाऊनपिऊन सुखी. बायको मोनिक आणि चार मुलं. त्यातलं शेंडेफळ म्हणजे ४ जानेवारी १८०९ रोजी जन्मलेला लुई.

तीन वर्षांचा असताना लुई वडिलांच्या कारखान्यात खेळत होता. मोठी माणसं करतात तसं आपणही चामड्याला भोक पाडावं म्हणून त्याने आरी हातात घेतली. ती सटकली आणि एका डोळ्यात घुसली. त्या काळात जंतुसंसर्गावर औषध नव्हतं. जखम चिघळली, दुसराही डोळा त्यात गेला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुईला दोन्ही डोळ्यांनी दिसणं पूर्ण बंद झालं.

म्हणजे लुई जन्मांध नव्हता आणि त्याची दृष्टी एका रात्रीतही गेली नव्हती. दोन वर्षं ती विझत गेली. आईचा चेहरा, आकाशाचा रंग यांची आठवण राहावी इतका तो मोठा नव्हता. त्याच सुमारास नेपोलियनचा पराभव झाला, परकी फौजा गावात उतरल्या, घराघरांत शिपाई राहू लागले. ओळखीचं घर अनोळखी आवाजांनी भरून गेलं. ज्या पोराने घराचा कोपरान्‌कोपरा नुकता हाताने ओळखायला घेतला होता, त्याच्यासाठी हा काळ सोपा नव्हता.

भीक नाही, शाळा

तेव्हाच्या युरोपात गरीब घरच्या अंध मुलाचं भवितव्य बहुतेक ठरलेलं असे. चर्चच्या दारात बसून हात पसरायचा. ब्रेल कुटुंबाने तसं होऊ दिलं नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार केले आणि त्यावरून त्याची बोटं फिरवली. आपल्या मुलासाठी पहिली स्पर्शाची पाटी तयार करणारा हा साधा कारागीर होता, हे विसरू नये.

१८१५ मध्ये गावात पालुई नावाचे नवे धर्मगुरू आले. त्यांनी मुलाची हुशारी ओळखली आणि त्याला शिकवायला घेतलं. पुढे गावच्या शाळेतले मास्तर बेशरे यांनी त्याला वर्गात बसू दिलं. डोळस पोरांच्या शेजारी बसून, ऐकून, लक्षात ठेवून लुई शिकला. तोंडी हिशेबात आणि पाठांतरात तो पुढे असायचा. पण इतर मुलांनी पुस्तक उघडलं की त्याला गप्प बसावं लागे. ऐकून शिकणं आणि स्वतः वाचणं यातला फरक त्याला तिथेच कळला असणार.

धर्मगुरूंच्या खटपटीने आणि गावच्या उमरावाच्या शिफारशीने त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या राजेशाही संस्थेत प्रवेश मिळाला. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहा वर्षांचा लुई वडिलांबरोबर घोडागाडीतून पॅरिसला पोचला.

डोळसांनी केलेली अंधांची पुस्तकं

ही संस्था व्हालांतँ आउई या गृहस्थांनी १७८४ मध्ये सुरू केली होती. तिची पार्श्वभूमी सांगण्यासारखी आहे. १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत आउईंनी एक तमाशा पाहिला. काही अंध माणसांना विचित्र झगे आणि भले मोठे खोटे चष्मे घालून वाद्यं वाजवायला बसवलं होतं आणि लोक हसून लोळत होते. आउईंना त्याची चीड आली. पुढे त्यांची भेट व्हिएन्नाहून आलेल्या मारिया थेरेसिया फॉन पाराडिस या पियानोवादिकेशी झाली. लहानपणीच दृष्टी गेलेली ही बाई युरोपभर कार्यक्रम करत होती. एकाच शहरात, थोड्या वर्षांच्या अंतराने, एकीकडे जत्रेतले ते वादक आणि दुसरीकडे ही मानाची कलावंत. फरक डोळ्यांचा नव्हता. एकीला घरचा आधार, शिक्षक आणि संधी मिळाली होती, इतरांना नाही.

आउईंचा पहिला विद्यार्थी फ्रान्स्वा लस्युअर हा चर्चच्या दारात भीक मागणारा मुलगा होता. तो शिकायला बसला तर भिकेची कमाई बुडणार, म्हणून आउईंनी त्याची भरपाई करण्याचं कबूल केलं. एका छापील कागदाच्या मागच्या बाजूला उठलेलं अक्षर लस्युअरच्या बोटाला लागलं आणि आउईंना कल्पना सुचली. ओल्या जाड कागदावर मोठे खिळे दाबून नेहमीचीच रोमन अक्षरं उठावदार छापायची.

हेतू चांगला होता, कामही मोठं होतं. पण त्यात एक मूलभूत गफलत होती. डोळ्यांसाठी घडलेली अक्षरं फक्त फुगवून बोटांपुढे ठेवली होती. डोळा अख्खा शब्द एका नजरेत टिपतो. बोटाला प्रत्येक वळण, प्रत्येक शेपूट चाचपत जावं लागतं. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. पुस्तकं अवजड, महाग आणि मोजकीच. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे या पद्धतीने अंध मुलाला स्वतः काही लिहिता येत नव्हतं. तो वाचक होऊ शकत होता, तोही कसाबसा. लेखक होऊ शकत नव्हता.

संस्थेची इमारत जुनी आणि ओलसर होती. आधी ती धर्मशिक्षणाची शाळा होती, क्रांतीच्या काळात तुरुंग झाली होती. मुलं तिथे विणकाम, सपाता बनवणं, टोपल्या आणि संगीत शिकत. देवीच्या साथीत डोळे गेलेली, जन्मापासून न दिसणारी, अपघाताने अंध झालेली अशी नाना तऱ्हेची मुलं एका छताखाली होती. लुई सपातांच्या कामात तरबेज झाला, पियानो आणि ऑर्गन शिकला, अभ्यासात बक्षिसं मिळवू लागला. मात्र त्या फुगीर अक्षरांवर त्याचं समाधान होईना.

बारातून सहा

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये नावाचे निवृत्त तोफखाना अधिकारी संस्थेत आपली पद्धत घेऊन आले. अक्षरांऐवजी उठावदार ठिपके वापरायचे, असा त्यांचा मार्ग होता. सहा-सहाच्या दोन उभ्या ओळी, म्हणजे एका चौकटीत जास्तीत जास्त बारा ठिपके, आणि प्रत्येक खूण एका उच्चाराची. शिवाय पाटी आणि टोचणी वापरून कुणालाही लिहिता येई. मुलांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि त्यांना लगेच फरक जाणवला. रेषेपेक्षा ठिपका बोटाला चटकन कळतो.

पण दोषही होते. बारा ठिपक्यांची चौकट बोटाच्या पेराखाली मावत नव्हती. बोट वरखाली करावं लागे. पद्धत उच्चारांवर चालत असल्याने शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीताची लिपी नाही. घाईत निरोप लिहायला ती ठीक होती. व्याकरण, गणित आणि इतिहास शिकू पाहणाऱ्या मुलांना अपुरी होती. अंध माणसाला कामापुरतं लिहितावाचता आलं म्हणजे झालं, ही समजूत त्यामागे होती. लुईला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. डोळस मुलगा जे जे वाचतो ते सगळं त्याला हवं होतं.

बारा वर्षांच्या लुईने ठिपके ठेवले आणि बाकी सगळं बदलायला घेतलं. रात्री वसतिगृहात, सुट्टीत कुव्रेला घरी, तो कागद टोचत बसे. १८२४ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याची मांडणी बहुतेक पूर्ण झाली. बाराचे सहा ठिपके केले, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. अख्खी खूण बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात येते. सहा ठिपक्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या होतात ६३. तेवढ्यात अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि संगीत सगळं बसतं.

मांडणीही हिशेबी. पहिली दहा अक्षरं वरच्या चार ठिपक्यांत. त्यांनाच डावीकडचा खालचा ठिपका जोडला की पुढची दहा. त्यात उजवीकडचा खालचा ठिपका घातला की त्यापुढची. म्हणजे दहा खुणा नीट पाठ केल्या की बाकीच्या जवळपास आपोआप येतात. ज्याने शिकायचं आहे त्याच्या बाजूने विचार करूनच असं जमतं.

लिहिण्याचं साधन तर थक्क करणारं आहे. पाटीत कागद अडकवून टोचणीने मागच्या बाजूने ठिपके पाडायचे, उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचे. ज्या आरीने लुईचे डोळे गेले, तिच्याच जातीचं हे हत्यार.

ब्रेल सर

१८२८ मध्ये लुई त्याच संस्थेत साहाय्यक शिक्षक झाले आणि १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक. त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र गोतिये आणि कोल्ता हेही शिक्षक झाले. हे तिघेही अंध. अंधांच्या शाळेत शिकवणाऱ्या खुर्चीवर अंध माणूस बसणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. ब्रेल व्याकरण, इतिहास, भूगोल, गणित आणि संगीत शिकवत. १८३४ पासून काही वर्षं ते पॅरिसच्या एका मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. त्या काळच्या आठवणींत ते शांत, नेमकं बोलणारे आणि शिस्तीचे शिक्षक म्हणून येतात.

१८२९ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीची पुस्तिका काढली. त्यात बार्बिये यांचं ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. लिहिताना त्या त्रासाच्या ठरल्या. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत रेघा गेल्या आणि आज ओळखीची असलेली लिपी पक्की झाली. त्याच वर्षी फ्रान्सच्या इतिहासाचं पुस्तक या लिपीत तयार झालं.

संगीताच्या लिपीचं महत्त्व वेगळं सांगायला हवं. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलांचं पोट ऑर्गन वाजवण्यावर आणि पियानो सुरात लावण्यावर चालायचं. याच संस्थेत शिकलेले क्लोद मोंताल यांनी पियानो जुळवण्याच्या कामात नाव काढलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. स्वरलिपी बोटाखाली आली म्हणजे दुसऱ्याकडून ऐकून पाठ करण्याची सक्ती संपली. लिपीचा प्रश्न हा शेवटी रोजगाराचाही प्रश्न होता.

बंदी

आता अडचण कुठे आली? मुलांनी लिपी डोक्यावर घेतली होती. संचालक पिन्ये यांचा पाठिंबा होता. पण सरकारदरबारी मान्यता मिळेना. १८४० मध्ये पिन्ये यांना बाजूला करण्यात आलं आणि त्यांचे सहकारी द्युफो संचालक झाले. द्युफो यांनी शाळेत ब्रेलचा वापर थांबवला आणि उठावदार रोमन अक्षरांची नवी पुस्तकं आणली.

त्यांचा मुद्दा वरवर पाहता वाजवी वाटतो. डोळसांना न वाचता येणारी लिपी अंधांना दिली तर ते समाजापासून तुटतील, असं त्यांना वाटायचं. पण हा विचार करताना त्यांनी रोज तीच लिपी वापरणाऱ्या मुलांना विचारलं नव्हतं. कोणती अक्षरं सोयीची, हे ज्याची बोटं वाचतात त्याने सांगायचं की ज्याचे डोळे पाहतात त्याने? खरा वाद हा होता. मुलांनी आपलं उत्तर कृतीने दिलं. बंदी असताना ती चोरून ब्रेलमध्ये लिहीत राहिली, टिपणं काढत राहिली, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत राहिली.

आणि तुटण्याची जी भीती द्युफोंना होती, तिच्यावर ब्रेल यांनी आधीच उपाय शोधला होता. १८३९ मध्ये त्यांनी दुसरी एक पद्धत काढली. तिच्यात ठिपके अशा रीतीने टोचायचे की त्यातून नेहमीच्या रोमन अक्षराचा आकार उठेल. अंध मुलाने लिहिलेलं पत्र घरी आईवडिलांना थेट वाचता येईल. मात्र एकेक अक्षर टोचायला वेळ लागे. तेव्हा पिएर फूको नावाच्या अंध कारागिराने १८४१ मध्ये त्यासाठी एक यंत्र बनवलं, टाइपरायटर बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. आपसांत वाचायला एक लिपी आणि डोळस घरच्यांशी बोलायला दुसरी सोय. गरजा दोन आहेत, तर उपायही दोन असू शकतात, हे ब्रेल यांना उमगलं होतं.

द्युफो यांचे साहाय्यक ग्वादे यांनी मुलांची ओढ पाहिली आणि संचालकांचं मन वळवलं. संस्था नव्या, हवेशीर इमारतीत गेली. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी तिच्या उद्‌घाटनाला ग्वादे यांनी भर सभेत ब्रेल यांच्या लिपीची माहिती वाचून दाखवली, विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक केलं. बंदी संपली. ब्रेल समोर बसले होते.

उसनवारीच्या चिठ्ठ्या

पण तोवर प्रकृती पोखरली होती. विशीतच त्यांना क्षयाने गाठलं होतं. जुन्या इमारतीतली ओल त्याला कारण झाली असावी, असं मानलं जातं. काही वर्षं ते कुव्रेला विश्रांतीसाठी जाऊन येऊन होते, पुन्हा शिकवायला येत. डिसेंबर १८५१ मध्ये आजार बळावला आणि ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, त्यांनी प्राण सोडला. लग्न नाही, संसार नाही. गावच्या स्मशानात वडिलांजवळ त्यांना पुरलं.

त्यांच्यामागे एक लाकडी पेटी राहिली होती. ती न उघडता जाळावी, अशी त्यांची इच्छा होती. पण लोकांना राहवलं नाही. उघडली तर आत चिठ्ठ्या निघाल्या, गरजू विद्यार्थ्यांना वेळोवेळी उसने दिलेल्या पैशांच्या. मेल्यावर कुणाकडे वसुली जाऊ नये म्हणून पेटी जाळायची होती. चिठ्ठ्या जाळल्या गेल्या आणि ते खातं कायमचं बंद झालं.

संस्थेने त्यांची लिपी अधिकृत केली ती १८५४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला पसंती दिली. १९५२ मध्ये, मृत्यूच्या शंभराव्या वर्षी, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, राष्ट्राच्या थोर माणसांशेजारी नेण्यात आले. हात मात्र कुव्रेच्याच मातीत ठेवले आहेत.

सगळ्यांना एकच माप नाही

ब्रेल यांची लिपी जिंकली, म्हणून ती सगळ्यांची झाली का? तर नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनचे विल्यम मून यांची दृष्टी लहानपणापासून कमी होत होत एकविशीच्या सुमारास गेली. आसपासच्या अंधांना शिकवताना त्यांना दिसलं की, उतारवयात दृष्टी गेलेल्या, कष्टाने बोटं जाड झालेल्या माणसांना बारीक खुणा कळत नाहीत. १८४५ च्या सुमारास त्यांनी रोमन अक्षरं सोपी करून मोठ्या, ठसठशीत रेघांची वेगळी लिपी काढली. आधी साधी अक्षरं वाचता येणाऱ्यांना ती लवकर जमे. तीही बरीच वर्षं चालली.

इंग्लंडमध्ये असे अनेक पंथ झाले, तेव्हा टॉमस आर्मिटेज यांनी तोडगा काढला. ते डॉक्टर होते. दृष्टी अधू झाल्याने व्यवसाय सोडावा लागला होता. १८६८ मध्ये त्यांनी एक मंडळ नेमलं. त्यात बसणारा प्रत्येक जण स्वतः अंध हवा, त्याला कमीत कमी तीन उठावदार लिप्या वाचता याव्यात आणि कुठल्याही लिपीत त्याचा पैशाचा हितसंबंध नसावा. या मंडळाने पारख करून ब्रेलच्या बाजूने कौल दिला. द्युफो यांच्या शाळेत जे घडलं नव्हतं ते इथे घडलं. ज्यांचा प्रश्न, त्यांनाच विचारलं गेलं.

आजही हीच गोष्ट आहे. मधुमेहाने दृष्टी गेलेल्या काहींच्या बोटांची संवेदनाही कमी होते. त्यांना ब्रेलपेक्षा आवाजात वाचून दाखवणारा मोबाइल जवळचा. अंधुक दिसणाऱ्याला मोठा टाइप आणि नीट उजेड हवा असतो. काठी घेऊन चालणारा माणूस मोबाइलच्या पडद्यावर डोळे बारीक करतो, तेव्हा तो सोंग करत नसतो. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं दिसत नाही, असंही असतं. ऐकू आणि दिसू दोन्ही न येणाऱ्याला मात्र स्पर्शाशिवाय दुसरा रस्ता नाही. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या वेगवेगळ्या केल्या आहेत, त्या उगाच नव्हे.

सीमेवरचा क आणि ळ

आपल्याकडे एकेकाळी भारतीय भाषांसाठी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत. एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेत चालायचं नाही. स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ मिटवण्याचं काम झालं. युनेस्कोच्या पुढाकारात पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेन्झी यांचा मोठा वाटा होता. त्यांनी भारतात राहून देहरादूनला युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी काम केलं होतं. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि त्याच साली देहरादूनला ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलचं तत्त्व असं की आवाज एक तर खूणही एक. मराठीतला क, कन्नडमधला क, गुजराती आणि तेलुगूतला क, कागदावर चौघांचे आकार निराळे. बोटाखाली मात्र चारही ठिकाणी तेच दोन ठिपके. ज्या ळ चा मराठी माणसाला अभिमान, तोच ळ कन्नडमध्येही आहे, आणि दोघांची ब्रेल खूण एकच. कि लिहिताना देवनागरीत वेलांटी क च्या आधी काढावी लागते; ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे क च्या नंतरच येते.

याचा अर्थ भाषा एक झाली असा नाही. ब्रेल ही भाषा नव्हे, लिपी आहे. बेळगावचा मराठी ब्रेल वाचणारा मुलगा कन्नड पुस्तकावर बोट ठेवून अक्षरं ओळखेल, उच्चारही करील. अर्थासाठी कन्नड शिकावीच लागेल. वडोदऱ्याच्या मुलीला गुजरातीचं तसंच, हैदराबादच्या मुलाला तेलुगूचं तसंच. पण शेजारच्या भाषेच्या दाराशी असलेली लिपीची पायरी त्यांच्यासाठी मुळात नाहीच. डोळसांना जी पायरी चढायला वर्षं लागतात, आणि जिच्यावरून पाट्यांची भांडणं होतात, ती इथे आधीच ओलांडलेली आहे.

पाटीचं हे भांडण कुव्रेच्या खोगीरवाल्याच्या पोराला माहीत नव्हतं. त्याला स्वतःला वाचायचं होतं आणि शेजारच्या खाटेवरच्या मित्राला चिठ्ठी लिहायची होती. ती गरज त्याने डोळसांच्या कल्पनेने नव्हे, स्वतःच्या बोटाने मोजली. म्हणून ती लिपी दोनशे वर्षांनीही वाचली जाते, आणि अंध माणसासाठी काही करायला निघालेल्या प्रत्येकाला आधी एक साधा प्रश्न विचारायला लावते. तुम्हाला नेमकं काय दिसतं, काय दिसत नाही, आणि तुम्हाला काय हवं आहे?